ऐंशी टक्के

पुण्या-औरंगाबादच्या संस्थावाल्यांनी आमच्या रणजीतला बाद केलं, असं तांड्यात आजही बोलतात. बरीच वर्षं मीबी मान हलवत राहिलो. मान हलवायला काय लागतं? पण आता माझं वय झालं, अन् खोटं सांभाळायचा कंटाळा आला. म्हणून जसं झालं तसं सांगतो. मधी बोलू नका, मला तोडलेलं खपत न्हाई.

मी भीमसिंग राठोड. आमचा तांडा पुसेगावच्या पुढं, पण माझं टेबल हिंगोलीत, कचेरीसमोरच्या लिंबाखाली. मी अर्जनवीस. लोकांचे अर्ज लिहितो. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण माझा अर्ज सायबाला दुसऱ्यांदा वाचावा लागत न्हाई. कागदावर शुद्ध लिहितो, बोलतो मात्र असाच.

धाकटा भाऊ नरसिंग. दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो, ते उन्हाळ्यातच परत येतो. त्याची बायको शिला. मी तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात जेठाशी धाकट्या भावाची बायको बोलत न्हाई. ती पदर नाकाखाली ओढणार, मी दुसरीकडं बघणार. काही सांगायचंच असलं तर लेकराला सांगायचं, ते लेकरू दुसऱ्याला सांगतं. रीत हाय. बरी का वाईट, ते मी कव्हा इचारलं न्हाई, कारण तकलीफ मला नव्हती.

रणजीत तिचा पोरगा, चौऱ्याण्णवचा. चार वर्षांचा असताना पडायला लागला. बसल्या जागेवरून उठायचा तर आपल्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठायचा, म्हाताऱ्यासारखा. पोटऱ्या मात्र भरलेल्या, टणक. मी सगळ्यांना सांगायचो, आमचा पैलवान हाय. नांदेडच्या डॉक्टरनं त्याच पोटऱ्या दाबून पाहिल्या अन् खुर्चीत मागं टेकला. म्हणला, ह्या स्नायूंत ताकद न्हाई, नुसती सूज हाय. आधी पाय जातील, मंग हात, मंग छाती. हा आजार आईच्या बाजूनं येतो, पोरांनाच धरतो. घरात कोणी गेलंय का असं? शिलाचा भाऊ विकास सतराव्या वर्षी गेला व्हता. तिनं पदराआडून हळूच सांगितलं.

घरी आल्यावर आमच्या आईनं, रूपाबाईनं, शिलाला काय काय बोलावं. विष घेऊन आलीस आमच्या घरात, इथपर्यंत. मी ओट्यावर बसून ऐकून राहिलो. धाकट्या भावजयीशी जेठ बोलत न्हाई, ते ठीक. पण आईला गप कर म्हणायला कोणती रीत आडवी येत व्हती? मी केलं न्हाई.

मला जे येतं ते मी केलं. हिंगोली नवा नवा जिल्हा झाला व्हता, अपंगाच्या सर्टिफिकेटासाठी परभणीची चक्कर वाचली व्हती. ह्या सर्टिफिकेटात टक्के असतात. चाळीसच्या वर गेलं की एस्टीचा पास, ऐंशीला पोचलं की महिन्याचा सरकारी पगार. माणूस किती मोडलाय ते आकड्यात लिहून देतात, अन् आकडा जितका मोठा तितका माणूस बराबर. त्यात मी वस्ताद. आसपासच्या साऱ्या तांड्यांचे लोक डॉक्टरांच्या बोर्डाच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी यायचे. मी शिकवायचो, लंगडत असला तर टेकू घे. ऐकू कमी येतं ना, मंग पहिल्या हाकेला वळूच नको. लोक मला टक्केवाला म्हणायचे. मला ते आवडायचं.

रणजीतला सातव्या वर्षी बोर्डापुढं नेलं. तव्हा तो डुलत डुलत का व्हईना चालायचा, अन् हात तर धडधाकट. मी म्हणलं, डॉक्टरनं हात उचल म्हणलं तर लोंबता सोड. माझ्याकडं बघ अन् तसाच ठेव. पोरगं गुणी. दोन्ही हात ओल्या कपड्यासारखे सोडून बसलं. ऐंशी टक्के मिळाले. कागदावर लिहून आलं, दोन्ही पाय अन् दोन्ही हात. मी त्याला स्टँडवर भजे खाऊ घातले. खरं सांगतो, त्या दिवशी मला लई अभिमान वाटला.

पुढच्या सालाची गोष्ट. स्नायूरोगी पालक मंडळ म्हणून एक संस्था, ह्याच आजाराच्या लेकरांच्या आईबापांनी काढलेली. त्यांनी हिंगोलीत एका मंगल कार्यालयात बैठक ठेवली. पोस्टानं कार्ड आलं, नरसिंग ऊसतोडीला, म्हणून मी शिलाला अन् रणजीतला घेऊन गेलो. मंडळाचे मोठे म्हणजे हरीश सर. औरंगाबादला बँकेत नोकरी. दोन पोरं ह्याच आजारानं गेली त्यांची, दोन्ही. ते म्हणाले, देशात कुणालाच माहीत नाही की अशी मुलं किती आहेत आणि कुठं आहेत. आम्ही गावोगाव फिरून नोंदवही करतोय. उद्या औषध शोधणारे येतील, तेव्हा त्यांना मुलं आमच्याकडूनच मिळतील, आणि मग काय शोधायचं ते आम्हीसुद्धा सांगू.

मला हसू आलं. आजवर कोणत्या आजाऱ्यानं डॉक्टरला सांगितलंय, अमुक शोध म्हणून?

मंग त्यांनी बाप्यांना बाहेर काढलं. म्हणले, आता फक्त आया बोलतील. मी बाहेर टपरीवर दोन चहा पिलो अन् कार्यालयाच्या दाराकडं बघत बसलो. आत दोन तास काय चाललं, मला ठाऊक न्हाई. शिला बाहेर आली तव्हा तिच्या पदराचं टोक ओलं व्हतं, पण चाल मात्र येगळीच, ताठ. रणजीतला मी इचारलं, काय बोलली रे तुझी आई? तो म्हणाला, लई बोलली काका. काय ते त्याला सांगता आलं न्हाई, अन् मी पुन्हा इचारलं न्हाई.

दोन हजार चारच्या डिसेंबरात मंडळाची एक पोरगी तांड्यावर आली. पुनम नाव, खांद्याला झोळी, पायात सपाता, नरसी गावापासून जीपच्या टपावर बसून आलेली. रणजीत तव्हा दहा वर्षांचा. चालणं सुटलं व्हतं, पण हात चांगले व्हते. बसल्या बसल्या भाकरी मोडायचा, आपल्या हातानं खायचा, शेजारच्या पोरांना गोट्यांत हरवायचा. पुनम म्हणाली, एका गोळीचा अभ्यास सुरू होणार आहे. साठ मुलं घ्यायची आहेत. मी घरोघरी जाऊन माहिती भरतेय. जे खरं आहे तेच सांगा, कोणतं उत्तर बरं आणि कोणतं वाईट ते मी सांगू शकत नाही, तसा आमचा नियम आहे.

आता मला सांगा, अर्जनवीसाला असं कोणी सांगतं का? मला यादी म्हणलं की यादी कळते. यादीत कोण बसतं? ज्याचे टक्के जास्त तो. वीस वर्षं मी हेच पाहून राहिलो व्हतो. मी सर्टिफिकेटाची झेरॉक्स तिच्यापुढं ठेवली अन् रणजीतला डोळ्यानं खूण केली.

तिनं बरंच काही इचारलं. श्वास, झोप, पाठ. मंग कागद उलटला अन् म्हणाली, "घास स्वतःच्या हातानं तोंडापर्यंत जातो का?"

मी म्हणलं, "न्हाई."

आत चुलीजवळ भांड्याचा आवाज थांबला.

पुनमनं रणजीतला म्हणलं, "हात वर कर बघू, राजा." त्यानं माझ्याकडं बघितलं अन् हात लोंबता सोडला. तिनं त्याच्या हातात पाण्याचा गलास दिला. गलास त्याच्या मांडीवरच राहिला, थोडं पाणी चड्डीवर सांडलं. अस्सल काम केलं पोरानं.

तेवढ्यात शिला बाहेर आली. पदर हनुवटीपर्यंत. हातात ताट, त्यात भाकरी अन् तुरीचं वरण. दुपारचे तीन वाजले व्हते, रणजीत जेवून घंटा झाला व्हता. तिनं ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं, अगदी त्याच्या हाताशी, अन् उभी राहिली. काही बोलली न्हाई. बोलणार कशी, मी समोर बसलो व्हतो.

माझं डोकं फिरलं. वाटलं, ही बाई बनलेलं काम बिघडवून राहिली. मी रणजीतला म्हणलं, तिला ऐकू जाईल असं, "ही काय जेवायची येळ हाय? पाहुणीसमोर?" अन् पुनमला खात्री पटावी म्हणून मीच भाकरी मोडली, वरणात बुडवली अन् माझ्या हातानं त्याच्या तोंडात घास घातला. पोरानं निमूट खाल्ला. मी पुनमला म्हणलं, "बघा बाई, असं भरवावं लागतं." तिचा चेहरा उतरला. तिनं लिहून घेतलं अन् खाली माझी सही घेतली. सही मी मोठी करतो, शेवटी दोन टिंबं देतो.

जीप गेल्यावर रणजीत म्हणाला, "काका, आता उचलू का?"

मी हसलो. म्हणलं, उचल. तो राहिलेली भाकरी आपल्या हातानं मोडून मोडून खाऊ लागला. शिला खांबाला धरून उभी व्हती. मला वाटलं, मनातून खुश असंल.

जूनमधी पत्र आलं, माझ्याच टेबलाच्या पत्त्यावर. ज्या मुलांचा हात अजून तोंडापर्यंत जातो, अशाच मुलांना अभ्यासात घेतलं आहे, कारण तो हात किती दिवस टिकतो हेच मोजायचं आहे. रणजीतला घेता येत नाही याचा खेद वाटतो. मी ते तीनदा वाचलं. दुसऱ्यांचे कागद वाचताना माझी नजर कव्हा अडकत न्हाई, पण त्या ओळीवर अडकून बसली. गिऱ्हाईक समोर उभं व्हतं, त्याला म्हणलं, आज दुकान बंद.

घरी मी अर्धंच सांगितलं. म्हणलं, रणजीतला घेतलं न्हाई, मोठ्या लोकांची पोरं घेतली असतील. नरसिंग ऊसतोडीहून आला व्हता. त्यानं बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् बिडी पेटवली. थोरल्या भावाला तोंड वर करून बोलायची त्याची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी रणजीतला खांद्यावर घेऊन मी औरंगाबादची गाडी धरली. हरीश सरांच्या घरी गेलो. भिंतीवर दोन पोरांचे फोटो, हार घातलेले. मी म्हणलं, सर, चूक झाली. रणजीत, गलास उचल. रणजीतनं भरलेला गलास उचलला, तोंडाला लावला अन् पूर्ण पिला. थेंब सांडला न्हाई. सरांनी त्याच्या हातातून रिकामा गलास घेतला.

"मग हात जात नाही, असं का सांगितलंत?"

मी सांगितलं. टक्के, बोर्ड, सगळं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले न्हाईत.

म्हणाले, "राठोड, डॉक्टर लोक आधी चालणं मोजणार होते. सहा मिनिटांत मूल किती चालतं ते. म्हणजे ज्यांचं चालणं गेलं ती सगळी मुलं बाहेर, तुमच्या रणजीतसारखी. आम्ही वर्षभर भांडलो. मंडळातल्या आयांनी ठरवलं होतं, हात मोजा, घास मोजा. नाहीतर नोंदवही देत नाही. त्यांना आमच्याशिवाय मुलं मिळाली नसती, म्हणून ते वाकले. चालणं गेलेल्या मुलांसाठी दार उघडलं ते त्यामुळं. पण आता साठ मुलं ठरली. यादी बंद झाली."

"एक लेकरू जास्त घ्यायला काय जातं? तुमचीच तर संस्था."

"यादीबाहेर एकशे चाळीस घरं आहेत. वशिल्यानं कुणाचं नाव घुसवायचं नाही, हा नियमही आम्हीच केलाय. माझ्या स्वतःच्या मेहुणीचा मुलगा बाहेर आहे."

मी आमदाराची चिठ्ठी आणली व्हती. खिशातून काढलीच न्हाई, तेवढी अक्कल राहिली व्हती. उठताना ते म्हणाले, अभ्यासातल्या निम्म्या मुलांना नुसती साखरेची गोळी मिळेल, कुणाला कोणती ते कुणालाच ठाऊक नाही. हे वाक्य मी पोटाशी धरून घरी आणलं. रणजीतला साखरेचीच मिळाली असती, असं स्वतःला सांगत राहिलो. पुढं कळलं, पहिल्या वर्षानंतर सगळ्याच लेकरांना खरी गोळी द्यायची, अशी अट मंडळानं आधीच घातली व्हती. ह्या लोकांनी माझ्यासाठी पळायला एकबी वाट ठेवली न्हाई.

रणजीतचा हात हळूहळू गेला. आधी खांदा. मंग तो मान खाली वाकवून हाताला गाठायचा. मंग कोपर गुडघ्यावर टेकवून हात वर ढकलायचा. बाराव्या-तेराव्या वर्षी अर्धा घास तोंडात, अर्धा छातीवर. शिला जवळ बसायची, पण मधी हात घालायची न्हाई, जव्हर तो आपणहून आई म्हणत न्हाई तव्हर. एके दिवशी तो आई म्हणाला. कचेरीत लोक सहज बोलून जातात, हातातोंडाशी आलेला घास गेला. पीक गेलं तरी म्हणतात, नोकरी हुकली तरी म्हणतात. असल्या अर्जात ते वाक्य लिहायची येळ आली की माझा पेन थांबतो.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात मंडळाचं छापील पत्र आलं, जाडजूड, सगळ्या नोंदलेल्या घरांना पाठवलेलं. नरसिंग घरीच व्हता. वाचणारा मी. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागलो. गोळी मिळालेल्या मुलांचा हात नोंदवहीतल्या इतर मुलांपेक्षा सरासरी वर्षभर जास्त टिकला. आजार बरा होत नाही, पण हात टिकतो. ज्यांचा हात अजून चालतो त्यांनी गोळीसाठी कळवावं. इथवर मी वाचलं. रणजीत खाटेवर टेकून ऐकत व्हता, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. ठेवलेलेच, त्याला आता ते हलवता येत नव्हते.

पुढं लिहिलं व्हतं, "या अभ्यासात काय मोजायचं ते एका आईनं ठरवलं. २००२ साली हिंगोलीच्या बैठकीत त्या म्हणाल्या, माझा भाऊ असाच गेला. शेवटी त्याला चालता येत नव्हतं त्याचं दुःख त्याला नव्हतं. दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागतो, त्याची त्याला लाज वाटायची. माझ्या पोराचे पाय जाऊ द्या. घास त्याचा त्याच्या हातानं जावा, एवढं औषध शोधा. मंडळ त्यांचं ऋणी आहे." अन् खाली नाव, शिला नरसिंग राठोड, तांडा पुसेगाव.

नाव मी वाचलं ते आवाज न निघता. नरसिंग म्हणाला, "काय झालं, वाच ना."

मंग ती बोलली. दारातून, पदर मागं सारून, माझ्याकडं सरळ बघून. चौदा-पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी तिचं तोंड पाहिलं. वाटलं व्हतं त्यापेक्षा म्हातारी दिसत व्हती.

"त्यात माझं नाव हाय ना? तो प्रश्न माझा व्हता. पुनमताईनं इचारला तव्हाच मी वळखला. कशासाठी इचारून राहिली, तेबी मला ठाऊक व्हतं."

मी म्हणलं, "मंग बोलली काहून न्हाईस?"

"ताट आणलं व्हतं ना मी," ती म्हणाली. "तुमी समोर बसलेले. मी अजून काय करणार व्हते?"

एवढं बोलून ती आत गेली अन् पीठ मळायला बसली. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर पदर ओढत न्हाई. तांड्यातल्या बाया नावं ठेवतात. मी त्यांना सांगून टाकलंय, तिला कोणी काही म्हणायचं न्हाई. हे मी तव्हा आईला सांगायला पाहिजे व्हतं.

सर्टिफिकेटाची मुदत त्याच साली संपली. नवं करायला रणजीतला उचलून बोर्डापुढं नेलं. चौदा वर्षांचं पोरगं, पण वजन काहीच न्हाई. आदल्या दिवशी मी त्याला काही शिकवलं न्हाई. टेबलावर टक्क्यांसाठी येणाऱ्यांनाबी आता परत पाठवतो, दुसरीकडं जा म्हणतो.

डॉक्टर नवीन व्हता, पोरगेला. म्हणाला, "हात उचल, बेटा."

रणजीतनं माझ्याकडं बघितलं. जुनी सवय. मी म्हणलं, "उचल रे बाळा. उचल, आता उचलायचा."

"काका," तो म्हणाला, "मी उचलूनच राहिलो."

डॉक्टरनं पाच-दहा सेकंद वाट बघितली, मंग खाली मान घालून नव्वद टक्के लिहिले.